मदत हवी आहे: 'गुडघे टेकणे'ला दुसरा शब्द सुचवा (नी रिप्लेसमेंटची प्रश्नावली)

नमस्कार मंडळी, मी फिजिओथेरपीच्या पीजीला आहे, डिझर्टेशनसाठी ऑक्सफर्ड नी स्कोअरच्या मराठी मसुद्याची चाचणी घेतेय. माहीत नसेल त्यांच्यासाठी, ही १९९८ ची १२ प्रश्नांची प्रश्नावली, गेल्या चार आठवड्यांत गुडघ्याने किती छळलं ते पेशंटनेच सांगायचं, प्रत्येक उत्तराला ० ते ४ मार्क आणि ४८ पैकी ४८ म्हणजे गुडघा झकास. परवानगीचं वगैरे सरांनी बघितलंय.

एक प्रश्न असा आहे की गुडघ्यांवर बसून परत उठता येतं का. आम्ही लिहिलं 'गुडघे टेकून परत उठता येतं का?' दोघांनी वेगवेगळं उलट भाषांतर (मराठीवरून परत इंग्रजी) केलं, दोघांचंही इंग्रजी मूळ प्रश्नाशी तंतोतंत जुळलं, सगळे खूश. आणि परवा सातारा भागातल्या एका आजींना विचारलं तर म्हणाल्या, "गुडघं टेकायला मी काय हरली व्हय?" वॉर्डात हशा. मग मी हातवारे करून दाखवलं तर म्हणे डॉक्टरांनी तसं बसायचंच नाही सांगितलंय, मग लिही काय लिहायचं ते. आता हे 'अशक्य' धरायचं का? जमत नाही आणि करून बघितलंच नाही यात फरक आहे ना?

बाजारहाट एकट्याने करता येतो का, या प्रश्नाचंही तेच, "बाजार मालक करत्यात". गुडघ्याचा काय संबंध! आणि जे खरंच विचारायला हवं ते यात नाहीच, मांडी घालून जेवायला बसणं, उकिडवं बसणं, देशी संडास. आजींची सगळी चौकशी त्याचीच होती. एक प्रश्न वाढवला तर चालेल का? शिवाय 'चार आठवडे' म्हटलं की लोक ऑपरेशनपासूनचं सगळं सांगायला लागतात. वर सूनबाई शेजारी बसून आधी उत्तर देतात ते वेगळंच.

प्रतिसाद (निवृत्त स्टॅटवाला): वाढवू नकोस, स्कोअर ४८ चा राहणार नाही आणि मग इतर भाषांतल्या आकड्यांशी तुलना कशी करणार. मांडीचे नि उकिडव्याचे प्रश्न वेगळ्या पानावर घे, वेगळे मोज. प्रश्न बदलणं ही निराळी गोष्ट, प्रश्नावली दुसऱ्या भाषेत-संस्कृतीत कशी न्यायची यावरच्या बीटन वगैरेंच्या २००० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला जागा आहे, त्यांचं उदाहरणच काट्याने खाण्याचं आहे, जिथे काटा वापरतच नाहीत तिथे तो प्रश्न काय कामाचा. पण भाषांतर तपासणाऱ्या समितीने ठरवायचं, तू एकटीने नाही. आणि एका आजींवर थांबू नकोस, ३० ते ४० जणांना विचारायचं असतं, आणि नुसतं उत्तर नाही, त्यांना काय कळलं तेही विचारायचं. उलट भाषांतराने वाक्प्रचार पकडले जात नाहीत, ते तू बघितलंसच.

प्रतिसाद (वऱ्हाडी मिरची): आमच्याकडे गुडघा म्हणत नाहीत ओ, टोंगळा म्हणतात, माझ्या आत्याचं तर दोन्ही टोंगळ्यांचं झालंय. कोकणात ढोपर. गुडघ्यावर बोट ठेवून विचारा सरळ. चार आठवड्यांसाठी 'मागच्या संकष्टीपासून' म्हणा, बायकांना पक्कं आठवतं.

प्रतिसाद (धागाकर्ती): टोंगळा लिहून घेतला! संकष्टीचं भारी आहे पण वॉर्डात मुस्लिम आणि ख्रिश्चन पेशंटही आहेत, आणि मुलाखत संकष्टीच्या आदल्या दिवशी असेल तरच हिशेब जमतो, नंतर दोन दिवसांनी घेतली तर दोनच दिवस उरले. कॅलेंडर पुढे ठेवून तारखेला गोल करते. आता 'दोन्ही गुडघे जमिनीला लावून खाली बसायची वेळ आली तर बसून परत उठता येईल का?' असं केलंय. लांब झालंय माहितेय. 'येतं का' ऐवजी 'येईल का' केलं म्हणजे मनाई केलेल्यांना अंदाजाने तरी सांगता येईल. पण मूळ प्रश्न गेल्या चार आठवड्यांचा आहे, त्यामुळे हे चालेल का याचीच धाकधूक आहे. सोमवारी समितीची मीटिंग आहे, त्याआधी कोणी यापेक्षा आटोपशीर सुचवेल का?