मोटरहोमची खिडकी जास्त उघडण्यासाठी स्टे बदलावा की त्याची जागा?

वाटसरू, निपाणी
नमस्कार. आमच्या मोटरहोमच्या ओट्यामागची, वर बिजागरी असलेली दुहेरी अ‍ॅक्रिलिकची खिडकी ४० अंशांपुढे उघडत नाही. पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर मुक्कामाला होतो, तेव्हा भाकऱ्या होईपर्यंत आत इतकी धग कोंडली, की आईला दोनदा तवा उतरवून बाहेर येऊन बसावे लागले. तावदान ६० अंशांपर्यंत उघडायचे आहे. स्टेचे, म्हणजे तावदान उघडे धरणाऱ्या, लांबी कमीजास्त होणाऱ्या बाजूच्या दांडीचे, चौकटीवरचे टोक बिजागरीपासून १० सेंमीवर आणि तावदानावरचे ३५ सेंमीवर आहे. लांब स्टे घ्यावेत की आहेत त्यांचीच जागा बदलावी?

लेथवाला, उद्यमबाग
मापे दिलीत, हे फार बरे केलेत. त्यांनुसार स्टेची लांबी खिडकी बंद असताना २५, ४० अंशांवर सुमारे २८ आणि ६० अंशांवर ३१ सेंमी भरते. म्हणजे अडचण अवघ्या तीन सेंमीची आहे. जुनाच स्टे ठेवून चौकटीवरचे टोक चार सेंमी खाली घेतले, तर खिडकी ५० अंशांपर्यंत उघडेल. मात्र बंद करताना तो २१ सेंमीपर्यंत आत जायला हवा, नाहीतर तावदान रबरावर नीट बसणार नाही आणि वळवाच्या पहिल्याच सरीला ओट्यावर पाणी येईल. तावदानाला नवे भोक मात्र पाडू नका, कारण अ‍ॅक्रिलिक भोकापासून तडकते. जुना चिकट डागही थिनरने न पुसता साबणाच्या पाण्याने काढा. थिनरने बारीक भेगा पडतात.

रानवाट, खानापूर
खरेदीआधी वरची बिजागरीची पट्टी पाहून घ्या. तावदान खोबणीत नुसते अडकवलेले असेल, तर ठरावीक कोनापुढे ते निसटू शकते. दोन्ही स्टे सोडा, एकाने तावदान धरा आणि दुसऱ्याने ते हळूहळू ६० अंशांपर्यंत उचलत पट्टीकडे लक्ष ठेवा. जांबोटीकडच्या वाऱ्यात एवढे उघडे तावदान शिडासारखे ओढले जाते, म्हणून स्टे दोन्ही बाजूंना सारखेच हवेत. आणखी एक, कळकळीने सांगतो: स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो. खिडकी कितीही उघडली, तरी जमिनीलगतचे झरोके बुजवू नका.

वाटसरू, निपाणी
दोघांचेही आभार. स्टे पूर्ण दाबून मोजला. तो २४ सेंमीच्या खाली जात नाही, त्यामुळे जागा बदलण्याचा विचार सोडला. पट्टी ६० अंशांवर घट्ट राहिली. आता मिटल्यावर २५ सेंमीच्या आत बसणारे आणि ३१ सेंमीवर अडकणारे दोन स्टे उद्यमबागेत मिळतील का?

लेथवाला, उद्यमबाग
जुना स्टे नमुना म्हणून सोबत आणा. तयार मिळाले नाहीत, तर त्या मापाचे करून घेता येतील.