विषय: रेड रखडतेय, टेपा उतरवायचं काम अडलंय

नमस्कार मंडळी,
मंडळाच्या जुन्या गणेशोत्सवांच्या आणि नाटकांच्या मिनीडीव्ही टेपा मी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतेय. लिनक्स आहे, चार हार्ड डिस्कची रेड ५ (चारही मिळून एकच साठा, एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो). तासाभराच्या टेपची फाइल साधारण १३ जीबीची होते. पूर्वी ती दोन-तीन मिनिटांत रेडवर जायची. आता सुरुवातीला जोरात पळते आणि मग सेकंदाला ८ एमबीवर येऊन रखडते. एका टेपला जवळजवळ अर्धा तास! हिवाळ्यात एक डिस्क गेली म्हणून नवी बसवली होती. जाणकारांनी कृपया सुचवावं.
– चित्रफीत समिती

---

ताई, चारही काढून सरळ एसएसडी टाका. डोक्याला ताप नाही.

---

ताई, नमस्कार. इतक्यात काही विकत घेऊ नका आणि सेटिंगनाही हात लावू नका. रेड ५ मध्ये छोटं लेखन महागच पडतं: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेल्यास डेटा परत काढायचा हिशोब) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. पण तुमच्या फाइली मोठ्या आहेत, आणि हीच रेड पूर्वी नीट चालत होती. म्हणजे मधे काहीतरी बदललंय. चारांतली एक जरी मागे पडली तरी बाकीच्या तिघी तिच्यासाठी थांबून राहतात, म्हणून आधी ती कोणती ते शोधू.

प्रॉक-एमडीस्टॅट ही रेडची स्थिती दाखवणारी फाइल बघून रिबिल्ड (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) किंवा तपासणी चालू नाही ना, एवढी खात्री करा. मग कॉपी चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत डिस्कवरचा भार दाखवणारी आयओस्टॅट ही आज्ञा लावा आणि प्रत्येक डिस्कपुढचे लेखनाचा अवेट (एका लेखनाला लागणारा वेळ) आणि युटिल (डिस्क किती टक्के वेळ कामात आहे) हे दोन आकडे पाहा. वेग पडल्यानंतरचे आकडे हवेत, पहिल्या मिनिटातले नकोत. डिस्कची तब्येत (स्मार्ट) दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल या आज्ञेतल्या ५, १९७ आणि १९९ या ओळीही पाठवा. पहिल्या दोन खराब सेक्टरांच्या. १९९ वाढत असेल तर बहुधा केबलचा दोष.

---

दादा, केलं. बाकी तीन डिस्कचं युटिल १० ते १५ टक्के, अवेट १० मिलिसेकंदांच्या आत. तिसऱ्या क्रमांकाची मात्र सतत ९९ टक्के आणि अवेट ९०० च्या वर! ती नवीच आहे. स्मार्टच्या तिन्ही ओळी चारही डिस्कवर शून्य. वाचनाची चाचणीही केली, त्यात चारही सारख्याच.

---

ताई, मग ती डिस्क बहुधा बिघडलेली नाही. मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत ताडून बघा, एसएमआर (शिंगल्ड रेकॉर्डिंग) प्रकारची निघेल असं मला जवळजवळ नक्की वाटतं. या प्रकारात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्याच आकारात जास्त डेटा मावतो, पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर पुढचा अख्खा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. नवं लेखन डिस्क आधी एका राखीव जागेत घेते आणि निवांत असताना हलवते. ती जागा भरली की वेग कोसळतो. तुमची कॉपी आधी पळते आणि मग रखडते ती यामुळेच. वाचायला अडचण नसते, म्हणून चाचणीत काही दिसलं नाही.

नॅससाठी (नेटवर्कवरून फाइली साठवायच्या पेटीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्येही ही पद्धत न सांगता वापरली होती, हे २०२० मध्ये उघड झालं. त्यामुळे खोक्यावर काय लिहिलंय त्यावर विसंबू नका.

आता उपाय. सर्वांत आधी उतरवलेल्या सगळ्या फाइली एका बाहेरच्या डिस्कवर घ्या. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, आणि या टेपांतले कितीतरी कलाकार आज आपल्यात नाहीत. ते रंगमंचावरचे तास पुन्हा कुठून आणणार? मग तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेची सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली, नेहमीची) डिस्क घ्या. जुनी (म्हणजे आत्ताची ही रखडणारी) आधी उपटून काढू नका, नाहीतर रिबिल्ड होईपर्यंत रेड उघडी पडेल. नवी डिस्क जास्तीची म्हणून जोडा आणि एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या आज्ञेचा रिप्लेस पर्याय वापरा. तो जुनीवरून नवीवर नक्कल करतो आणि तोवर जुनी रेडमध्येच राहते. जुनी वाचायला चांगली आहे, त्यामुळे हे काम रखडणार नाही. पाचव्या डिस्कला जागा किंवा पोर्ट नसेल तर तसं कळवा, शनिवारी डॉक (डिस्क बाहेरून जोडायची पेटी) घेऊन येतो.

नवी डिस्क आली की पाकीट फोडण्याआधी तिचा मॉडेल नंबर इथे टाका, ताडून सांगतो.