हॅमस्टर की गिनीपिग? नागपूरचा उन्हाळा, वरचा मजला, एसी नाही

चिंचोका:
नमस्कार मंडळी. नागपुरात चार मजली इमारतीतला सगळ्यात वरचा फ्लॅट, भाड्याचा. लेक नऊ वर्षांची, तिला छोटा प्राणी हवाय. कुत्रा-मांजर घरमालकाला चालत नाही, त्यामुळे हॅमस्टर किंवा गिनीपिग इथवर आलोय. दुकानदार म्हणतो, हॅमस्टरची जोडीच घ्या, एकटं झुरतं. सोबत दीड फुटी तारेचा रंगीत पिंजरा, चाक, लाकडाचा भुसा आणि घरट्यासाठी कापूस असा सगळा संच देतोय. घरात एसी नाही, हॉलमध्ये कुलर आहे. मेमध्ये दुपारी आतल्या खोल्यांतसुद्धा पारा ३६-३७ दाखवतो. सकाळी साडेसात ते दुपारी अडीच घरी कुणी नसतं. दिवाळीत चार दिवस गावी जातो. यात काय बसेल आणि संचातलं काय घ्यावं?

निशाचर:
आधी जोडीचं. सीरियन हॅमस्टर, म्हणजे तो सोनेरी किंवा लांब केसांचा मोठा, ८-१० आठवड्यांचा झाला की दुसरा हॅमस्टर सहन करत नाही. रात्रीतून एकजण फाटलेल्या कानाने किंवा मेलेला सापडतो. बुटक्या जातींची काही पिल्लं जमवून घेतात, पण तेही कधी बिनसेल याचा नेम नाही. म्हणून एका पिंजऱ्यात एकच. नर-मादी जोडी मिळाली तर सोळाव्या दिवशी पिल्लं, आणि मादी साधारण महिन्या-दीड महिन्याची असतानाच गाभण राहू शकते. दुकानात सगळी एकत्र ठेवलेली असतात, त्यामुळे 'एकटी मादी' घरी आणल्यावरही पिल्लं निघू शकतात. घेताना नर मागा आणि उलटा करून बघा: नरात मूत्रद्वार आणि गुदद्वार यांत अंतर बरंच जास्त असतं, मोठ्या सीरियन नराचे वृषण शेपटीकडे सरळ फुगलेले दिसतात.

संचातला पिंजरा, चाक, कापूस, तिन्ही परत करा. पिंजऱ्याचा तळ किमान १०० × ५० सेंटिमीटर हवा. तारेच्या पिंजऱ्यात अंथरूण खोल भरता येत नाही, आणि हॅमस्टरचा मूळ धंदा बीळ खणणं. एका टोकाला तरी २०-२५ सेंटिमीटर खोली द्या. मासेवाल्याकडे गळका जुना टँक स्वस्तात मिळतो, ४ × १.५ फुटांचा चालेल, वर ६ मिलिमीटरची वेल्डेड जाळी. पण काच उष्णता धरून ठेवते, हे तुमच्या घरात विसरू नका. चाक सीरियनला २८ सेंटिमीटर व्यासाचं, बुटक्याला २० च्या आसपास, आणि धावायची पट्टी सलग. संचातली चाकं बहुधा १२-१३ सेंटिमीटरची आणि गजांची असतात. त्यात पाठ उलटी वाकते, गजांत पाय अडकून मोडतो. चाकात पाठ सरळ राहत नसेल तर ते लहान आहे, मापपट्टीची गरज नाही.

कापूस म्हणजे सापळा. धागे पायाला गुंडाळतात, रक्तपुरवठा तुटतो, पाय काळा पडतो. गिळला तर आतडं बंद. त्याऐवजी साधा, बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून टाका, घर तो स्वतः बांधतो. भुसा सुताराकडचा नकोच: त्यात प्लायवूडचा डिंक, बारीक धूळ आणि देवदार-चीडचं सुगंधी तेल, सगळं फुप्फुसात जातं. कोरा कागद पट्ट्या करून आणि वाळलेलं गवत असं मिसळून भरा, बीळ टिकतं.

वाळूचं भांडं ठेवा, पाण्याची आंघोळ कधीच नाही. नदीची बारीक वाळू चाळून, धुऊन, कढईत भाजून घ्या. बांधकामाची क्रश सँड धारदार आणि धुळीची असते, ती नको. लपायला कुंभाराकडचं बिनरंगाचं छोटं मडकं आडवं ठेवा. उन्हाळ्यात तो त्यातच पडून राहील.

खाणं रोज एक ते दोन चमचे: ज्वारी, राळे, ओट्स, थोडं जवस, आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा. सूर्यफुलाची बी हाताने द्यायला राखून ठेवा, नाहीतर तेवढीच वेचून खातो आणि लठ्ठ होतो. फळ बुटक्यांना देऊ नका, त्यांना मधुमेह लवकर होतो. कांदा, लसूण, संत्र्या-लिंबाची जात, चॉकलेट बंद. वाटी रिकामी दिसली म्हणून परत भरू नका, बिळात गोदाम आहे.

आणि मुलीचं. हॅमस्टर रात्री दहानंतर जागा होतो. शाळेतून आल्यावर त्याला उठवून हातात घेतलं की तो चावतो, मग सगळे म्हणतात 'चावकाच निघाला'.

गवताळ:
दिवसा जागं असणारं हवं तर गिनीपिग. ५-७ वर्षं जगतो, हाताळलेलं सहन करतो, फ्रिज उघडल्याचा आवाज ओळखून शिट्ट्या मारतो. पण तो कळपातला, त्यामुळे इथे जोडी खरोखर लागते: दोन माद्या सगळ्यात सोप्या. नर तीन आठवड्यांतच वयात येऊ लागतो, तेव्हा दुकानदाराने 'दोन्ही माद्या' म्हटलं तरी आठवडाभर नीट बघा. सहा-सात महिन्यांपर्यंत एकदाही व्यायली नसेल तर मादीच्या ओटीपोटाचं हाड जुळून येतं. मग पिल्लं अडतात आणि मादी जाते. म्हणून 'एकदा होऊ द्या' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

जागा दोघींना ७५ × १४० सेंटिमीटर, एकाच पातळीवर. ३५ सेंटिमीटरच्या जाळीच्या चौकटी जोडून कुंपण, खाली फ्लेक्स-बोर्डवाल्यांकडची पोकळ प्लास्टिक शीट कडेने १५ सेंटिमीटर दुमडून. वर जुनी चादर, तिच्याखाली शोषणारा जाड कपडा. चाक आणि प्लास्टिकचा गोल चेंडू यांना अजिबात नको, पाठीचा कणा वाकत नाही.

खाण्यातला ८० टक्के भाग वाळलेलं गवत, प्रत्येकीला रोज तिच्या अंगाएवढा गठ्ठा, संपला की परत. तिच्या दाढासुद्धा आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. परदेशी टिमोथी गवत महाग पडतं. वाळलेलं मारवेल आणि हरळी उत्तम चालते. कडब्याचे धांडे फार जाड, त्यातली पानं तेवढी काढून द्या. गव्हाचं कुटार किंवा तणीस तबेल्यातून आणत असाल तर आधी विचारा, कारण जनावरांसाठी त्यावर युरिया मारलेला असू शकतो. कोवळी हिरवी ज्वारी देऊ नका, तिच्यात सायनाइड तयार होतं. सुबाभळीचा पाला शेळ्या खातात म्हणून इथे चालत नाही: त्यातल्या मायमोसिनने केस गळतात, तब्येत ढासळते. लसूणघास (ल्यूसर्न हा हिरवा चारा) फक्त पिल्लांना आणि गाभणीला द्या, मोठ्यांना कॅल्शियममुळे मुतखडा होतो.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. गिनीपिगचं शरीर, माणसासारखंच, क जीवनसत्त्व बनवत नाही. किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम बाहेरून लागतं. दुकानात 'ससा-गिनीपिग' म्हणून एकाच पोत्यातल्या गोळ्या देतात. सशाला ते लागत नाही, म्हणून गोळ्यांत ते नसतं. दोन-तीन आठवड्यांत मागचे पाय ओढायला लागते, सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, आणि घरच्यांना वाटतं कुठून पडली. उपाय बाजारातच आहे: हिरव्या ढोबळी मिरचीचा ४० ग्रॅमचा तुकडा म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम. किंवा पेरूची पातळ फोड आणि कोथिंबिरीच्या चार काड्या. पाण्यात टाकायचे थेंब घेऊ नका, उजेडात काही तासांत निकामी होतात आणि चव बदलली की ती पाणीच पीत नाही. पालक आठवड्यातून एकदा. बटाटा, टोमॅटोची पानं, कांदा नाही.

सशाबरोबर ठेवू नका. ससा लाथ मारतो, आणि त्याला काही न करणारे जंतू गिनीपिगला न्यूमोनिया देतात.

सलाईन:
दोघांनी नीट लिहिलंय, पण मूळ अडचण उष्णतेची आहे आणि त्यावर कुणी बोललं नाही. हॅमस्टरला १८ ते २६ अंश मानवतं, ३० च्या पुढे धोका. गिनीपिग त्याहून नाजूक: २८ च्या वर आणि दमट हवा असेल तर दुपारच्या दोन-तीन तासांतही उष्माघात होतो. ३७ अंशांच्या खोलीत यातलं कोणीही राहू शकत नाही. पंख्याचा उपयोग फारसा नाही, कारण यांना घामच येत नाही. वारा अंगावरून जातो, गारवा लागत नाही.

कोरड्या मेमध्ये कुलरने खोली बरीच उतरते. पिंजरा हॉलमध्ये, जमिनीलगत, आतल्या भिंतीला. पश्चिमेची भिंत आणि स्लॅब दोन्ही टाळा. कुलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. तापमापक पिंजऱ्याच्या उंचीवर लावा, छताजवळचा आकडा कामाचा नाही. पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा, आणि फडक्यात गुंडाळलेली गोठवलेली बाटली एका कोपऱ्यात, म्हणजे हवी तेव्हा जवळ जाता येतं. वीज गेली तर? सकाळी साडेसात ते अडीच घर बंद असताना कुलर थांबला, तर परत येईपर्यंत उशीर झालेला असेल. म्हणून माझं मत: दुपारच्या विजेची खात्री नसेल किंवा शेजारी कुणी बघणारं नसेल, तर गिनीपिग नको.

उष्माघातात तोंडाला लाळ, धाप, अंग सैल, गिनीपिगचे कान लाल. सावलीत आणा, पाय आणि कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फ नको, तोंडात पाणी ओतू नका, लगेच डॉक्टर.

हिवाळ्यात उलटं. डिसेंबरच्या रात्री खोली १० अंशांजवळ गेली तर हॅमस्टर गार, ताठ पडतो, आणि लोक मेला समजून पुरतात. मिश्या आणि छाती दोन मिनिटं नीट बघा. हातांत धरून खोली हळूहळू उबदार केली की तास-दोन तासांत हलतो.

औषधाचं एकच, पण पाठ करा: घरातलं अमॉक्सिसिलिन किंवा कुठलंही पेनिसिलीन तोंडाने देऊ नका. आतड्यातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू वाढतात आणि प्राणी काही दिवसांत जातो. कुत्र्यांचा गोचिडांचा स्प्रेही नाही. हॅमस्टरच्या शेपटीखाली ओलं आणि घाण वास आला तर उद्यावर ढकलू नका, नवीन आणलेली पिल्लं दोन-तीन दिवसांत दगावतात. गिनीपिगने १२ तास काही खाल्लं नाही तर तीही तातडीची बाब. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर गिनीपिगचं वजन: ५० ग्रॅमच्या वर उतरलं तर दाखवा.

घरात कुणी गरोदर असेल तर हॅमस्टर किंवा उंदीर आत्ता आणू नका, त्यांच्या मुताविष्ठेतून जाणारा एक विषाणू गर्भाला घातक आहे.

चिंचोका:
खूप आभार. वीज दुपारी अधूनमधून जाते, शेजारी कुणी नसतं. म्हणजे गिनीपिग बाद. हॅमस्टर एकटा ठेवला तर दिवाळीचे चार दिवस? आणि आत्ताच आणू का?

निशाचर:
चार दिवस एकटा नाही. दोन दिवस निभतं: दोन बाटल्या, नळीची गोळी बोटाने फिरवून पाणी येतंय ना बघून. चार दिवसांना कुणीतरी एक दिवसाआड येऊन पाणी बघायलाच हवं. गावी बरोबर नेणार असाल तर छोट्या डब्यात बिछाना, काकडीची फोड, आणि गाडीत ऊन लागणार नाही अशा जागी.

आत्ता मेमध्ये आणू नका. प्रवासाचा ताण आणि उष्णता एकत्र आली की नवीन पिल्लू तग धरत नाही. ऑक्टोबरमध्ये आणा, पुढचा उन्हाळा येईपर्यंत त्याची सवय आणि तुमचा तापमापकाचा अंदाज, दोन्ही तयार. पावसाळ्यात कुलर चालू ठेवला तर नुसती ओल वाढते, बिळात बुरशी येते.

सलाईन:
सहमत. वीज जाण्याच्या दिवसांत, मार्च ते जून, कोपऱ्यातल्या गोठवलेल्या बाटल्या दोन ठेवा आणि पिंजऱ्याभोवती गोणपाट ओलं करून लावा, वरची जाळी उघडी ठेवून. काचेच्या टँकऐवजी तुमच्याकडे मोठी जाळीची पेटी बरी, बिछान्यासाठी खालून २५ सेंटिमीटर प्लास्टिकची कड. त्यातूनही हॉल दुपारी ३० च्या खाली राहत नसेल, तर ऑक्टोबरमध्येही आणू नका.

डॉक्टर आधीच ठरवून ठेवा. नेहमीच्या कुत्रा-मांजरवाल्या दवाखान्यांपैकी बऱ्याच जणांना उंदरांच्या मात्रा माहीत नसतात. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन विचारून या. दुकानाची नोंदणीही बघा, २०१८ च्या नियमांप्रमाणे हॅमस्टर विकणाऱ्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. कागद मागितल्यावर जो दुकानदार चिडतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.