‘पंधरा दिवसांत हिल’ म्हणे! रिअल टाइम टेस्टिंगची सुरुवात टूलपासून की गणितापासून?

टेस्टबेंच_चाकण

काल व्हॉट्सॅपवर एक पोस्ट फिरत आली. मजकूर असा: "हिल टेस्टिंगला कंट्रोल थिअरी लागत नाही, सी भाषा लागत नाही. व्हेरीस्टँड उघडा, चॅनेल ओढा, स्क्रीनवर डायल टाका. पंधरा दिवसांत नोकरीला तयार!" खाली अंगठ्यांची रांग. हिल म्हणजे हार्डवेअर-इन-द-लूप: कंट्रोलर खरा जोडायचा, त्याच्याभोवतीचं यंत्र संगणकावर चालवायचं. व्हेरीस्टँड हे त्याचं एक सॉफ्टवेअर, चॅनेल म्हणजे त्यातला एकेक सिग्नल. चौदा वर्षं मी याच कामावर पोट भरतोय, त्यामुळे रात्री झोप लागेना. म्हणून इथे.

डायल टाकायला पंधरा दिवस कशाला, एक दुपार पुरते. डायलच्या मागे काय चाललंय हा प्रश्न आहे. आपण ईसीयूला, म्हणजे गाडीतल्या इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, फसवत असतो. त्याला वाटतं समोर इंजिन आहे, असतं नुसतं गणित. ते गणित दर मिलिसेकंदाला सुटून क्रँकचा, थ्रॉटलचा, तापमानाचा सिग्नल पिनवर हजर व्हावा लागतो. झाला नाही तर ईसीयूला खोटं इंजिन नाही, खोटं घड्याळ दिसतं.

आमच्याकडची गोष्ट. नव्या पोराने १ मिलिसेकंदाच्या लूपवर एक मॉडेल चढवलं. मॉडेलला लागत होते १.२. एक लूप उशिरा संपली की दुसरी लगेच सुरू, असं चाललेलं. ओव्हररनचा, म्हणजे वेळेत न संपलेल्या लूपांचा, आकडा भराभर वाढत होता, पण तो चॅनेल साहेबांनी स्क्रीनवर ओढलाच नव्हता. ओढायला शिकवलेलं, काय ओढायचं ते नाही! टेस्ट अशी की फॉल्ट टाकल्यापासून १०० मिलिसेकंदांत थ्रॉटल बंद झाला पाहिजे. लॉगमध्ये आलं ९६. पास, हिरवं, रिपोर्ट रवाना. गाडीवर मोजलं तर ११५. कारण लॉगमधला वेळ मॉडेलचा होता आणि मॉडेलचं घड्याळच सावकाश चालत होतं. ११५ भागिले १.२ करून बघा.

तेव्हा नवीन मुलांनो, आधी वहीत एक साधं मॉडेल फिक्स्ड स्टेपने, म्हणजे वेळेच्या सारख्या टप्प्यांनी, सोडवा. मग कॅन, म्हणजे गाडीतले कंट्रोलर ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती वायर, समजून घ्या, मग ब्रेकआउट बॉक्सवर (पिना मोजायला उघड्या करणारा डबा) मीटर लावून बघा. टूल सगळ्यात शेवटी.

लातूरकर_०२

दादा, राग समजतो. पण इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न काय येतो माहितीये? "कुठलं टूल येतं? व्हेरीस्टँड की डीस्पेस? कॅनोई हाताळलंय का?" वहीत काय सोडवलंय हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी डिप्लोमावाला. आमच्या कॉलेजात सिम्युलिंक (मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) होतं, पण एकाच पीसीवर, आणि त्या पीसीची किल्ली एकाच सरांकडे. सर रजेवर गेले की सिम्युलिंकही रजेवर. तुम्हाला कंपनीने लायसन्स दिलं, त्याचा डोंगल दिला, बेंच दिला. आम्ही व्हिडिओ बघून डायल नाही ओढायचे तर करायचं काय?

वांगीभात

बेंच आम्हालाही दिला होता. चार महिने बसवलं त्यावर, मग नारळ दिला.

बाकी क्लासवाल्यांबद्दल कुणी बोलणार आहे का? मी हिंजवडीकडच्या एका क्लासात पैसे भरले. "प्रत्यक्ष हिल हार्डवेअर" म्हणून काचेच्या कपाटात एक डबा ठेवलेला. कोर्स संपेपर्यंत त्याचा दिवा लागलेला मी पाहिला नाही. शेवटच्या दिवशी डब्यासोबत फोटो मात्र काढला सगळ्यांचा. तो माझ्या प्रोफाइलवर अजून आहे, कारण खर्च वसूल व्हायचाय.

स्टुटगार्टची_सई

टेस्टबेंच, तुमची गोष्ट चांगली आहे, पण ती तुमच्याच विरुद्ध जाते. त्या पोराला ऑयलरची टप्प्याटप्प्याने समीकरण सोडवायची रीत पाठ असती तरी ओव्हररनचा चॅनेल त्याने ओढला असताच असं नाही. तो कुठे असतो, लाल कधी होतो, हे टूलमध्येच कळतं. मी मेकॅनिकलची. पहिल्या दिवशी व्हेरीस्टँडसोबत येणारा इंजिन डेमो विंडोजवरच चालवला, हार्डवेअर शून्य. आरपीएम वाढवला, तापमान चढलं, अलार्म वाजला. "अच्छा, मॉडेल, चॅनेल, अलार्म असे जोडलेले असतात तर" हे त्या अर्ध्या तासात कळलं. प्रश्न पडायला लागले आणि मग गणिताकडे गेले. आधी कुणी लाप्लासचं गणित समोर ठेवलं असतं तर मी आज सेल्समध्ये असते.

टेस्टबेंच_चाकण

सईताई, विंडोजवर चालवलेला डेमो रिअल टाइम नसतो हे त्या अर्ध्या तासात कळलं का? मध्येच अपडेट सुरू झालं की इंजिन चहाला जातं.

आणि नुसत्या मॉडेलवर विसंबलं की काय होतं त्याचं मोठं उदाहरण एरियान ५ हे युरोपचं रॉकेट. ४ जून १९९६, उड्डाणानंतर ३७ सेकंदांच्या आसपास सगळं संपलं. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत कोंबली गेली. जमिनीवर बंद लूपच्या चाचण्या झाल्या होत्या, पण त्यात खरा जडत्व-संदर्भाचा डबा (रॉकेटची दिशा आणि हालचाल मोजणारा) जोडलाच नव्हता, त्याच्या जागी त्याचं सिम्युलेशन होतं. खरा डबा या रॉकेटच्या नव्या मार्गाच्या आकड्यांवर चालवला असता तर चूक जमिनीवरच सापडली असती.

स्टुटगार्टची_सई

हे उदाहरण "खरा डबा जोडा" असं सांगतं. "आधी वही उघडा" असं कुठे सांगतं?

शब्दवेडा

चर्चा छान चाललीय. थोडं अवांतर. मराठी धाग्यावर "रिअल टाइम" इतक्यांदा वाचून डोळे दुखले. "तात्काळ" म्हणायला काय हरकत आहे? तात्काळ अनुकरण, तात्काळ चाचणी.

रात्रीचा_तबलजी

हरकत एवढीच की ते चूक आहे. तात्काळ म्हणजे लगेच. रिअल टाइम म्हणजे लगेच नव्हे, ठरल्या क्षणी. कितीही द्रुत वाजवा, सम चुकली तर गेलं. उलट विलंबित एकतालात एक आवर्तन मिनिटभर चाललं तरी समेवर आला की मान डोलते. इथेही गणित ०.३ मिलिसेकंदात सुटलं म्हणून उत्तर लवकर द्यायचं नाही. उरलेले ०.७ गप्प बसायचं आणि ठोक्यावर द्यायचं.

शब्दवेडा

मग "समयबद्ध" घ्या.

वांगीभात

समयबद्ध कार्यक्रम सरकारचे असतात. त्यांचा ओव्हररन मोजायला वेगळा सर्व्हर लागेल.

शब्दवेडा

चेष्टा करणं सोपं असतं. जर्मन लोक एश्टत्साइट म्हणतात, त्यांचं काही अडलंय का? आपल्यालाच आपल्या भाषेची लाज. पिढ्यानपिढ्या हेच चाललंय.

स्टुटगार्टची_सई

म्हणतात, रोज ऐकते. आणि तिथेही नव्या पोरांना एश्टत्साइट म्हणजे "फास्ट" असंच वाटतं. शब्द बदलल्याने गैरसमज जात नाही. लाजबीज कशाला काढताय? मी मुलीशी मराठीतच बोलते.

शब्दवेडा

मी तुमच्या मुलीबद्दल काही बोललो का?

रिले_काका

भांडू नका. मी वीज पारेषणातला, आता निवृत्त. आमच्या संरक्षण रिलेंची, म्हणजे फॉल्ट दिसला की लाइन तोडणाऱ्या उपकरणांची, चाचणीही अशीच. ग्रिडचं मॉडेल साधारण ५० मायक्रोसेकंदांच्या स्टेपने चालतं, त्यातले व्होल्टेज-करंट अॅम्प्लिफायरमधून खऱ्या रिलेला द्यायचे. तुमचा मिलिसेकंद म्हणजे आमच्यासाठी दुपारची झोप. फक्त गाड्यांचंच जग आहे असं धरून लिहिता म्हणून सांगतो.

३० जुलै २०१२, पहाटे अडीचचा सुमार. ४०० केव्हीची बीना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली आणि उत्तर ग्रिड कोसळलं. लाइनवर फॉल्ट नव्हता! लोड इतका चढला आणि व्होल्टेज इतकं पडलं की फॉल्टचं अंतर ओळखणाऱ्या डिस्टन्स रिलेच्या झोन ३ ला (लांबच्या पल्ल्याला) तो लांबचा फॉल्ट वाटला. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा अंधार, ६० कोटींवर लोक. रिले बिघडला नव्हता, सांगितलं तेच त्याने केलं.

टेस्टबेंच_चाकण

काका, आदर ठेवून म्हणतो, हे सेटिंगचं उदाहरण झालं, रिअल टाइमचं नाही.

रिले_काका

आणि ते सेटिंग तपासणार कुठे बाळा? चालू ग्रिडवर? तो चढलेला लोड, ते पडलेलं व्होल्टेज रिलेच्या टर्मिनलवर खऱ्या वेगाने आणून दाखवायचं, तेव्हा कळतं तो फसतो की नाही. तुमची ती ११५ मिलिसेकंदांची गोष्ट याहून वेगळी कशी? आम्ही नोकरीला लागलो तेव्हा सेकंडरी इंजेक्शनचा (रिलेला बाहेरून करंट देऊन तपासायचा) किट घेऊन, सबस्टेशनात डास मारत, एकेक फेज तपासायचो. टूल आधी की थिअरी, असली चैन नव्हती. साहेब म्हणाले धर वायर, की धरली वायर.

वांगीभात

काकांचा "साहेब म्हणाले" हा तिसरा पर्याय मला पटला.

रात्रीचा_तबलजी

अवांतरात अवांतर: लिनक्स ६.१२ पासून प्रीएम्प्ट-आरटी (लिनक्सला रिअल टाइम करणारी सोय) मुख्य कर्नलातच आलंय. जुन्या पीसीवर, फुकटात. डोंगलचं रडगाणं थोडं कमी करा.

लातूरकर_०२

जुना पीसी आणायचा कुठून तेही सांगा. माझ्याकडे ताईचा लॅपटॉप आहे, तोही रात्री दहानंतर.

टेस्टबेंच_चाकण

लातूरकर, लॅपटॉप पुरतो. लायसन्स नको, डोंगल नको, माझं प्रवचनही नको. एक तापमानाचा सेन्सर धर, टाइम कॉन्स्टंट (तो किती सावकाश बदलतो त्याचं माप) ५० मिलिसेकंद. इनपुट शून्यावरून एकवर उडी मारतं. नवीन = जुनं + (स्टेप ÷ ५०) × (१ − जुनं). स्टेप १०, ५०, १०० आणि १२० घे. स्प्रेडशीटमध्ये कर आणि काय दिसलं ते इथे लिही. तेवढं करून ये, मग टूलवर भांडू.

शब्दवेडा

"स्प्रेडशीट"ला "विस्तारपत्र".

स्टुटगार्टची_सई

🙏

लातूरकर_०२

केलं. रात्रीचे पावणेबारा झालेत.

१० ला मस्त, हळूहळू एककडे चढलं. ५० ला एका उडीत थेट १! वाटलं हेच बेस्ट, फास्ट पण आणि बरोबर पण. मग १०० टाकले तर ०, २, ०, २, ०, २, थांबेचना. फॉर्म्युला चुकला समजून दोनदा टाइप केला. १२० ला २.४, मग −०.९६, मग ३.७४४, पुढे आकडे कॉलममध्ये मावेनात. सेन्सर तोच, समीकरण तेच. फक्त स्टेप बदलली आणि खोलीला आग लागली.

म्हणजे सिम्युलिंकमध्ये मी जो सॉल्व्हर (समीकरण सोडवणारा भाग) "ऑटो" ठेवून पुढे जायचो तो हे सांभाळत होता का? आणि रिअल टाइम टार्गेटवर, म्हणजे बेंचच्या संगणकावर, तो लाड बंद?

टेस्टबेंच_चाकण

बंद. व्हेरिएबल स्टेपवाला अडचण आली की स्टेप बारीक करतो, पण किती वेळ लागेल ते आधी सांगता येत नाही. टार्गेटवर फिक्स्ड स्टेप घ्यावी लागते. मोठी घेतली तर तुझा ०-२-०-२. लहान घेतली तर माझा १.२. आमची निम्मी नोकरी या दोघांच्या मध्ये जागा शोधण्यात जाते.

स्टुटगार्टची_सई

एक नोंद करते. मुलाला हे वहीत दिसलं नाही. विस्तारपत्रात दिसलं. विस्तारपत्र हे टूल असतं.

टेस्टबेंच_चाकण

बरं. टूल. घ्या, मिळवा पॉइंट. "सगळ्यात शेवटी" हे शब्द मागे घेतो, पंधरा दिवसांचं मात्र घेणार नाही.

लातूरकर, आता तो इंजिन डेमो चालव. आणि पहिला चॅनेल कुठला ओढायचा ते माहितीये ना?

लातूरकर_०२

ओव्हररनचा. पण दादा, ताईने लॅपटॉप मागितलाय.