आधी पंपात किती मिलीची सिरिंज बसते ते बघा
डेस्फेरल (वरचेवर रक्त भरल्याने अंगात साठलेलं लोह काढणारं औषध) सुईने त्वचेखाली हळूहळू सोडणारा पंप घेताना तो हलका आणि आवाज न करणारा हवा, असं इथे कुणी म्हटलंय ते पटलं, थॅलेसेमियाचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) मूल रात्रीचे ८ ते १२ तास तो कमरेला लावून झोपतं. पण त्याआधी सिरिंजचं माप बघा. डेस्फेरलच्या ५०० मिग्रॅच्या कुपीत निदान ५ मिली इंजेक्शनचं डिस्टिल्ड वॉटर घालावंच लागतं. द्रावण त्याहून दाट झालं तर सुईची जागा लाल होते, दुखते. म्हणजे १० मिलीच्या सिरिंजमधून जास्तीत जास्त १ ग्रॅम जाणार, आणि मुलाचं वजन वाढलं की डोस वाढतोच! आम्ही लेकीसाठी २० मिलीची सिरिंज बसणारा घेतला.

सुईचं म्हणाल तर बटरफ्लाय (धरायला दोन पंख असलेली सुई) तिरकी टोचावी लागते. टाचणीसारखी सरळ टोचायची सुई मिळाली तर तीही डॉक्टरांना विचारून वापरून बघा, आमच्या लेकीला तीच सोसते.