मदत हवी आहे: थार डिझेलला स्नॉर्कल, कोन फिल्टर की आहे तेच बरं?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

गाडी महिंद्रा थार, २.२ डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर, बीएस-६. गाव पाटण तालुक्यात. डांबरी सोडली की शेवटचा पट्टा सड्यावरून, म्हणजे कातळी पठारावरून जातो. उन्हाळ्यात जांभ्याचा तांबडा फुफाटा आणि पावसाळ्यात वाटेत दोन ओढे. एरवी ग्रुपबरोबर घाटवाटा होतात. थंडीत जैसलमेरला समच्या वाळूत जायचा बेत आहे.

सर्व्हिसिंगच्या वेळी एअर फिल्टर उघडून बघितला. घड्यांत विटकरी भुकटी ठासून बसलेली, आणि मॅन्युअलमधला बदलायचा आकडा अजून बराच लांब होता. मग विचारपूस केली, तर तीन गॅरेजची तीन मतं.

पहिला म्हणाला, पेपर फिल्टर काढा, तेलाचा कॉटन फिल्टर टाका, धुवा आणि वापरत राहा. दुसऱ्याला आख्खा एअरबॉक्सच, म्हणजे फिल्टरचा मूळ डबाच काढायचा आहे. जाड ॲल्युमिनियमचा पाइप, टोकाला शंकूसारखा उघडा कोन फिल्टर, 'पिकअप बघा कसा येतो, टर्बोची शिट्टी ऐकाच'. तिसऱ्याने सरळ स्नॉर्कल, म्हणजे छपराच्या उंचीवरून हवा घेणारा उभा पाइप दाखवला.

मला पिकअप नकोय. ३०० न्यूटन मीटर टॉर्क माझ्या कामाला भरपूर आहे. इंजिन दहा-बारा वर्षं धड चालावं, एवढंच. पाण्याचं म्हणाल तर कंपनी ६५० मिमी खोली देते. माझे टायर २५५/६५ आर १८, उंची साधारण ७८९ मिमी, म्हणजे तेवढ्या पाण्यात टायरचे वरचे साडेपाच इंचच दिसणार. त्यापेक्षा खोल पाण्यात मी गाडी घालणार नाही, आणि तेवढ्यातही घालायची वेळ येऊ नये.

तर विचारायचं असं: धुळीसाठी यातलं नक्की काय करावं? स्नॉर्कलने धूळ खरंच कमी होते का, की तो फक्त पाण्यासाठी? आणि आरटीओ, विमा यांचं काय? ज्यांनी बसवून वापरलाय त्यांनी कृपया सांगा. यूट्यूब बघून झालंय.

डिझेलवाला

कोन फिल्टरवाल्याकडे परत जाऊ नका.

टर्बो डिझेलमध्ये ताकद डिझेल किती फवारलं जातं त्यावर ठरते, आणि ते ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशा गाडीत हवेची टंचाई नसते. बॉनेटखाली उघडा ठेवलेला कोन रेडिएटरच्या मागची तापलेली हवा ओढतो. इंटरकूलर ती थोडीफार थंड करतो, पण मुळात तापलेली हवा का घ्यायची? मूळ एअरबॉक्स बाहेरची हवा घेतो ते उगीच नाही. शिवाय ओढ्यात बॉनेटखाली उडालेलं पाणी थेट त्या कोनावर. शिट्टी मात्र खरी येते, त्यात तो खोटं बोलला नाही.

आता धूळ. २.२ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला टर्बो न धरताही मिनिटाला ३३०० लिटरच्या आसपास हवा पितं. टर्बोचा एक बार बूस्ट (जादा दाब) असेल तर जवळजवळ दुप्पट. म्हणून फिल्टरने शंभरातले ९९ कण अडवले की साडेनव्याण्णव, हा फरक छोटा नाही, आत जाणारी धूळ निम्मी होते. वाळूतली सिलिका लोखंडापेक्षा कठीण. आधी टर्बोच्या कॉम्प्रेसरची पाती खाते, मग सिलिंडरचे बोअर आणि पिस्टनच्या रिंगा. नंतर गाडी ऑइल खायला लागते आणि लोक ऑइलच्या ब्रँडला शिव्या घालतात.

बारीक धुळीत चांगला पेपर फिल्टर तेलाच्या कॉटनपेक्षा सहसा सरस ठरतो. कॉटनचा फायदा म्हणजे हवा मोकळी येते, जी तुम्हाला नकोच आहे. तेल जास्त लागलं तर ते उडून हवा मोजणाऱ्या एअर मास फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं, रीडिंग चुकतं, आणि बीएस-६ गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला की पुढची वरात ठरलेली.

माझं मत: स्टॉक पेपर फिल्टर ठेवा, दुप्पट वेळा बदला. स्नॉर्कलच्या पैशात पुढच्या कित्येक वर्षांचे फिल्टर येतील.

कातळवाट

वरच्या प्रतिसादाशी बहुतेक सहमत, पण स्नॉर्कल असा एका ओळीत उडवू नका दादा.

माझ्याकडे जुनी थार सीआरडीई होती, तिला स्नॉर्कल होता. पाण्यापेक्षा तो धुळीतच जास्त उपयोगी पडला. ताफ्यात तिसऱ्या-चौथ्या नंबरवर असाल तर पुढच्या टायरांनी उडवलेला धुरळा बॉनेटच्या उंचीला सगळ्यात दाट असतो. छपराच्या उंचीवर तो बराच विरळ. जड कण वर पोचतच नाहीत. फिल्टर भरायला लागणारा वेळ स्पष्ट वाढला होता. एकटेच पुढे जाणार असाल तर हा फायदा जवळपास शून्य.

पण बाजारात मिळणारे निम्मे स्नॉर्कल शोभेचे असतात. दोन गोष्टी बघा. एक, स्नॉर्कलचा पाइप एअरबॉक्सला घट्ट, क्लॅम्पने जोडला जातो का? काही किटमध्ये तो फेंडरच्या आत नुसता मोकळा सोडलेला असतो. दोन, एअरबॉक्सच्या तळाला पाणी निचरायचं भोक किंवा रबरी झडप असेल तर ती बंद केली का? ते उघडं राहिलं तर पाणी खालून शिरणार, मग वर पाइप कुतुबमिनाराएवढा असला तरी काय उपयोग. जाड प्लास्टिकचा, रोटो-मोल्ड (फिरत्या साच्यात ओतलेला) घ्या. फायबरचे सांध्यात तडकतात.

बसवून झाल्यावर गॅरेजमधून निघायच्या आधी तपासणी अशी: गाडी आयडलवर ठेवून स्नॉर्कलचं तोंड सपाट फळीने झाका. हात लावू नका, ओढ जबर असते. काही सेकंदांत इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय. जिथून हवा येते तिथूनच धूळ आणि पाणीही येणार. मिस्त्री कुरकुर करतील, तरी करून घ्या.

सहीशिक्का

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीत दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. व्यवहारात स्नॉर्कलला कोण अडवेल हे चौकीवरच्या माणसावर आहे, पण फेंडर कापलेला असेल तर हाती कागद काहीच नसतो. फोर्स गुरखाला स्नॉर्कल कंपनीतूनच येतो, त्यामुळे तिच्या मालकांना ही कटकट नाही. विमा कंपनीला बसवायच्या आधी ईमेलने कळवा, उत्तर जपून ठेवा. इंजिनात पाणी गेलं तर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न हाच येतो. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन आहे का तेही बघा, साध्या पॉलिसीत पाण्याने गेलेलं इंजिन बहुधा धरत नाहीत.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. कोन बाद. कॉटनही बाद. स्नॉर्कलसाठी सध्या फेंडर कापायचं मन होत नाही, वॉरंटीही शिल्लक आहे.

तरी दोन शंका. फिल्टर मध्येच हवेने झटकून परत लावला तर चालतो का? इकडे सगळे कॉम्प्रेसरने मारून देतात. आणि स्नॉर्कल नसेल तर ओढ्यात नक्की कशाला जपायचं?

डिझेलवाला

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण जोर मारला की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. फिल्टर स्वच्छ दिसतो आणि धूळ आरपार जाते. भर रानात अडलात तर हाताने हळू आपटा, किंवा अगदी कमी दाबाची हवा स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे मारा, आणि घरी येऊन नवा टाका. जैसलमेरला जाताना दोन फिल्टर सीटखाली टाकून न्या.

फिल्टर बसवताना रबरी कडेला ग्रीसचं पातळ बोट फिरवा. पुढच्या वेळी उघडाल तेव्हा ग्रीसवर कुठे धुळीची रेघ आत गेलेली दिसली, तर तिथून गळती आहे. फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरं फडकं फिरवून बघा, ते पांढरंच निघायला हवं. ट्रॅक्टरवर असते तशी पारदर्शक बरणीची प्री-क्लीनर आठवतेय ना? मोठे कण गरगरून बरणीत पडतात. पुढेमागे स्नॉर्कल बसवलाच, तर त्याच्या डोक्यावर तसा प्री-क्लीनर लावता येतो. वाळूत छान काम करतो, हायवेला काढून ठेवा.

कातळवाट

ओढ्याचं मी सांगते. स्नॉर्कल असो वा नसो, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) यांचे ब्रीदर, म्हणजे आतली हवा आत-बाहेर जायची छोटी तोंडं बघा. ॲक्सलमधला तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर तो पाणीच आत ओढतो. ऑइल दुधट झालं की समजा. ब्रीदरना नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर न्यायची, खर्च किरकोळ. तुमचं बजेट आधी इथे लावा.

पाण्यात उतरायच्या आधी खाली उतरून काठीने खोली बघा, विशेषतः फरशी पुलाची कड वाहून गेलीय का ते. फोर-लो (फोर बाय फोरचा हळू, जोराचा टप्पा), दुसरा गिअर, एकाच वेगाने, मध्ये क्लच नाही. पुढे पाण्याची लाट तयार होते, तिच्या मागे खोलगट जागा राहते, तिथेच आपलं इंजिन असतं. थांबलात की ती भरते. पाणी ओढताना दिसलं, म्हणजे आडवं जोराने वाहतंय, तर गुडघाभर असलं तरी परत फिरा.

आणि मध्येच इंजिन बंद पडलं तर सेल मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअरबॉक्स उघडा. फिल्टर भिजलेला निघाला तर ग्लो प्लग काढून इंजिन फिरवल्याशिवाय चालू करू नका.

धागाकर्ता

ब्रीदरचं कुणीच सांगितलं नव्हतं ताई, आभार. या आठवड्यात ब्रीदर आणि नवा पेपर फिल्टर एवढंच करतो. कराड किंवा साताऱ्यात चारही नळ्या नीट, क्लिपा मारून वर घेऊन देणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.