आठ वर्षांच्या कजा नमाजांचा हिशेब कसा मांडावा?

प्रश्न

अस्सलामु अलैकुम. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणून आम्ही शाफई मजहबाचे (सुन्नी इस्लामच्या चार विधिपंथांपैकी एक). सासर पुण्याचे आणि हनफी, म्हणजे दुसऱ्या मजहबाचे. बालिग झाल्यापासून (वयात आल्यापासून) पुढची आठ हिजरी वर्षे केवळ आळसापोटी माझ्या नमाजा सुटल्या. वर्षाचे ३५४ दिवस धरले तर २८३२ दिवस होतात आणि पाळीचे महिन्याला सात याप्रमाणे ६७२ दिवस वजा केले की २१६० उरतात. सासूबाई म्हणतात की वित्रचीही (रात्री इशानंतर पढायच्या नमाजेचीही) कजा, म्हणजे सुटलेली नमाज नंतर पढून भरपाई, करावी लागते. माहेरी मी असे कधी ऐकले नव्हते. एका नातेवाईक बाईंनी तर रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी चार रकाती (नमाजेची आवर्तने) पढल्या की आयुष्यभराची कजा फिटते, असे सांगितले. यातले काय धरावे?

उत्तर १

वालेकुम अस्सलाम, ताई. शेवटच्या शुक्रवारच्या चार रकातींना कोणताही आधार नाही, हनफी आलिमांनीही ती रिवायत (परंपरेने आलेले कथन) बनावट ठरवली आहे. प्रेषितांचे साथी हजरत अनस यांच्याकडून बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली हदीस (प्रेषितांचे वचन) स्पष्ट आहे: जो नमाज विसरला, त्याने आठवताच ती पढावी, याखेरीज तिची दुसरी भरपाई नाही. विसरलेल्याला सूट नाही, तर मुद्दाम सोडणाऱ्याला कुठून असणार, असा चारही मजहबांच्या बहुसंख्य आलिमांचा युक्तिवाद आहे. इब्ने हज्म आणि इब्ने तैमिया या मध्ययुगीन आलिमांचे मत मात्र वेगळे आहे: मुद्दाम सोडलेल्या नमाजेची कजा होत नाही, तौबा (पश्चात्ताप) करून नफल (ऐच्छिक नमाजा) वाढवाव्यात.

उत्तर २

सासूबाई त्यांच्या जागी बरोबर आहेत आणि तुमचे माहेरही. हनफींकडे वित्र वाजिब (बंधनकारक) असल्याने तिची कजा लागते व दिवसाच्या रकाती वीस होतात. शाफईंकडे ती सुन्नत (बंधनकारक नसलेली, प्रेषितांच्या रिवाजाची) असल्याने फर्जाच्या (अनिवार्य नमाजांच्या) सतराच देणे राहतात. लग्नामुळे मजहब बदलत नाही, म्हणून तुम्ही सतराच धरा. वेळेचेही तसेच आहे: सूर्योदय, ऐन माध्यान्ह आणि सूर्यास्त या वेळी हनफी कजा पढत नाहीत, शाफईंना ती मुभा आहे. मात्र विनाकारण सोडलेल्या नमाजेची कजा शाफई मतानुसार ताबडतोब करायची असते, म्हणून सुन्नत-नफलांआधी ही थकबाकी घ्यावी.

आता तुमच्या आकड्याबद्दल. पाळीचे सात दिवस नक्की आठवतात का? नसतील तर कमीत कमी, समजा पाच, वजा करा. मग २३५२ दिवस होतात. शंका असेल तिथे देणे जास्त धरावे. शिवाय रोज एकाच दिवसाची कजा पढलात तर हे फिटायला पुन्हा आठ वर्षे लागतील, कारण पाळीचे दिवस याही वेळी वगळावे लागणारच. दोन दिवसांची पढलीत तर चार वर्षे. पाळीतल्या नमाजांची कजा नसते, पण रोज्यांची असते. तेही बाकी आहेत का, पाहा.

प्रश्नकर्ती

जजाकल्लाह. सात दिवस अंदाजाने धरले होते, म्हणून पाचच धरते. नीयत (नमाजेआधीचा संकल्प) करताना तारीख आठवत नाही, तेव्हा काय म्हणावे?

उत्तर २

“माझ्यावर बाकी असलेली पहिली फजर” (फजर म्हणजे पहाटेची नमाज) अशी नीयत करा. एक पढली की पुढची आपोआप पहिली होते. मी स्वतः शंभर पानी वहीत फजर, जोहर, असर, मगरिब, इशा असे दिवसाच्या पाच नमाजांचे पाच रकाने आखले होते आणि सलाम फेरताच (नमाज संपताच) पेन्सिलीने खूण करायचो. मगरिबचा रकाना सर्वांत आधी भरला, कारण तीन रकाती उरकायला कंटाळा येत नाही.